ताप गेला, पण पाहुणा गेला का?

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. रात्री दवाखाना बंद करायच्या बेतात असताना एक मावशी आपल्या मुलाच्या दंडाला धरून आत आल्या. ठाकुर्ली स्टेशनपासून जवळच चाळीत राहणारे हे कुटुंब माझ्या चांगले ओळखीचे. मुलगा पंचविशीचा, नव्वद फुटी रस्त्याच्या बाजूला चाललेल्या एका इमारतीच्या बांधकामावर सुपरवायझर. अंगावर दोन शाली, तरी दात वाजत होते.

"डॉक्टर, वर्षात तिसऱ्यांदा मलेरिया," मावशी म्हणाल्या. "पोराची प्रतिकारशक्तीच संपली बघा. सकाळी भिजवलेले बदाम देते, गुळवेलीचा काढा देते, मध्ये एकाने ताकदीची सलाईन लावली. काही म्हणून उपयोग नाही. तुम्ही तरी एखादं भारी टॉनिक लिहून द्या."

रक्त तपासले. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला, पहिल्या दोन वेळेसारखाच. मी विचारले, "मागच्या वेळी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या पूर्ण झाल्या का?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "चार दिवस घेतल्या. ताप गेला होता, रिपोर्टही निगेटिव्ह आला होता. मग उगाच कशाला घ्यायच्या? शिवाय रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळायचं."

वाचकहो, या ठिकाणी मला माझी चूक कबूल केली पाहिजे. चिठ्ठीवर मी 'चौदा दिवस' असे स्पष्ट लिहिले होते. पण ते का, हे बाहेर गर्दी असल्यामुळे समजावून सांगितले नव्हते. ताप उतरलेला धडधाकट माणूस कारण कळल्याशिवाय दहा दिवस कडू गोळ्या घेईल, अशी अपेक्षा करणेच चूक. त्या चुकीपायी या मुलाचे तीन आजारपणांत मिळून महिनाभराचे खाडे झाले होते आणि ठेकेदाराने "आता दुसरा माणूस बघतो" असे सुनावले होते. त्या रात्री त्या दोघांना जे सांगितले, तेच आज थोडे विस्ताराने येथे सांगतो.

प्रतिकारशक्ती कमी नव्हती

पहिली गोष्ट ही की या मुलाची प्रतिकारशक्ती मुळीच संपलेली नव्हती. दात वाजवणारी थंडी आणि मागून येणारा सणसणीत ताप ही शरीर लढत असल्याचीच खूण असते.

आपल्या शरीराचा पहारा दोन फळ्यांचा असतो. पहिली फळी जन्मापासून तयार असते. आत शिरलेले परके काहीही दिसले की पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात. दुसरी फळी शिकून तयार होते. एखाद्या जंतूचा चेहरा एकदा ओळखला की त्याच्याविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, तयार होतात आणि ती ओळख पुढे टिकते. म्हणूनच गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही.

मग मलेरिया पुन्हा पुन्हा का होतो? कारण मलेरियाचा जंतू, हत्तीरोगाची जंतकृमी, आमांशाचा अमिबा हे सारे परजीवी आहेत. दुसऱ्याच्या घरात राहून त्याच्याच ताटात जेवणारे हे पाहुणे. लाखो वर्षे माणसाबरोबर आणि जनावरांबरोबर राहून ते आपल्या पहारेकऱ्यांच्या सगळ्या सवयी ओळखून बसले आहेत. मुक्काम वाढवायचा तर यजमान जगला पाहिजे आणि पहारेकरी फसला पाहिजे, हे त्यांचे धोरण. फसवण्याचे त्यांचे मार्ग मुख्यत्वे तीन आहेत : लपणे, वेष बदलणे आणि पहारेकऱ्याला गुंगवणे. तिन्हींची उदाहरणे शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही.

लपणारा : मलेरिया

ॲनोफिलीस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून सुईसारखे बारीक जंतू रक्तात शिरतात. रक्तात पहारा कडक असतो, म्हणून ते तेथे रेंगाळत नाहीत. थोड्याच वेळात ते यकृत गाठतात आणि तेथील पेशीत घुसून बसतात. तेथे आठवडाभर किंवा अधिक काळ निवांत वाढून हजारो पिल्ले बाहेर पडतात. या काळात माणसाला काहीच जाणवत नाही.

बाहेर पडलेले जंतू ताबडतोब रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात. ही जागाही त्यांनी विचारपूर्वक निवडल्यासारखी आहे. शरीरातल्या बहुतेक पेशी आपल्या आत काय चालले आहे त्याचे नमुने जणू दारावर टांगून ठेवतात. आत चोर शिरला तर पहारेकऱ्याला बाहेरूनच ते कळते. तांबड्या पेशीजवळ ही सोय नाही. आत चोर बसला तरी दार बंद आणि पाटी कोरी. दर दोन दिवसांनी या पेशी फुटून नवे जंतू बाहेर पडतात, तेव्हा हुडहुडी भरून ताप येतो. आपल्या आज्या याला 'पाळीचा ताप' म्हणत, त्याचे कारण हे.

व्हायवॅक्स मलेरियाची खरी लबाडी मात्र यकृतात राहते. तेथे शिरलेले सगळेच जंतू लगेच वाढत नाहीत. काही जण चक्क झोपी जातात. आठवडे, महिने, कधी वर्षभरही. झोपलेला जंतू हालचाल करीत नाही, म्हणून पहारेकऱ्याला दिसत नाही. तो रक्तात नसतो, म्हणून रक्ततपासणीत सापडत नाही. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने रक्तातले जंतू मरतात, ताप जातो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आणि मग एके दिवशी, नवा डास चावलेला नसतानाही, झोपलेला जागा होतो.

या झोपलेल्याला मारणारे औषध म्हणजे चौदा दिवसांचे प्रायमाक्विन. ताप उतरवणे हे त्याचे कामच नाही. म्हणून ताप गेला की ते बंद करणे म्हणजे दरोडेखोर पळाल्यावर माळ्यावर दडलेल्या साथीदाराला घरातच ठेवून निश्चिंत झोपण्यासारखे आहे.

दुसऱ्या जातीचा, फाल्सिपारम मलेरिया यकृतात झोपत नाही, पण त्याची युक्ती अधिक घातक. आपली प्लीहा, म्हणजे पाणथरी, ही रक्ताची चाळणी आहे. रोगट तांबड्या पेशी ती गाळून काढते. हे टाळण्यासाठी हा जंतू आपण राहत असलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर चिकट खुंट्या उभ्या करतो आणि ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटवून ठेवतो. चाळणीपाशी जाणेच नको! मेंदूच्या रक्तवाहिन्या अशा तुंबल्या की रोगी बेशुद्ध होतो, प्राणावर बेतते. शरीर या खुंट्या ओळखायला शिकेपर्यंत जंतू त्यांचा नमुना बदलतो. असे सुमारे साठ नमुने त्याच्या संग्रही असतात.

वेष बदलणारा : चंद्रपूरची घटना

वेष बदलण्यात मात्र सगळ्यांवर ताण करणारा जंतू वेगळाच आहे. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातील एक शेतकरी वारंवार येणाऱ्या तापाने आजारी पडला. गुरे पाळणारा, पंचेचाळिशीचा माणूस. ताप येई, जाई, पुन्हा येई. असे पाच महिने चालले. त्याच्या रक्तात जो वळवळणारा जंतू दिसला, तो पाहून डॉक्टर चकित झाले. तो होता ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, म्हणजे जनावरांच्या 'सर्रा' रोगाचा जंतू. 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खान भागातील घोडे आणि उंट यांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. माणसाला त्याची बाधा होत नाही, अशीच सर्वांची समजूत होती. चंद्रपूरच्या या शेतकऱ्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात 2005 साली झाली, ती माणसातील या रोगाची पहिली खात्रीशीर नोंद म्हणून.

हा जंतू रक्तात उघड्यावर फिरतो. त्याच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचा दाट अंगरखा असतो. शरीर आठवडाभरात तो अंगरखा ओळखते आणि प्रतिपिंडे बहुतेक जंतूंचा फडशा पाडतात, ताप उतरतो. पण तेवढ्यात चार-दोन जंतूंनी अंगरखा बदललेला असतो. त्यांना कोणी ओळखत नाही. ते वाढतात, पुन्हा ताप. असे शेकडो अंगरखे त्याच्या पेटाऱ्यात असतात. शेतकऱ्याच्या रक्तात जंतूंची संख्या चढत-उतरत होती आणि तापही तसाच येत-जात होता.

पण मग इतक्या गुराख्यांना हा रोग का होत नाही? याचे उत्तर 2006 साली मिळाले. माणसाच्या रक्तात एक प्रथिन जन्मतःच असते, ते या जंतूला भोके पाडून मारते. पहिल्या फळीतला हा फार जुना पहारेकरी. या शेतकऱ्याच्या शरीरात आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही जनुकांत दोष असल्याने तो पहारेकरीच नव्हता. त्यात त्याचा काही अपराध नव्हता आणि कुठल्या टॉनिकने ते प्रथिन आले नसते. सुरामिन नावाच्या औषधाने तो बरा झाला. नंतर त्याच्या गावातील 1806 लोकांचे रक्त तपासले. जंतूशी संबंध आल्याच्या खुणा काहींच्या रक्तात मिळाल्या, पण प्रत्यक्ष जंतू कोणातही सापडला नाही. म्हणजे बाकी गावाचा पहारेकरी आपले काम चोख करीत होता.

गुंगवणारा : हत्तीरोग

तिसरा प्रकार सर्वांत विलक्षण. हत्तीरोगाची कृमी दोऱ्यासारखी, मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब. ती आपल्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे पांढऱ्या पेशींची जिथून रोजची जा-ये त्या वाटेवरच, संसार थाटते आणि वर्षानुवर्षे राहते. जणू पोलीस चौकीतच चोराने बिऱ्हाड केले! तरी तिला कोणी हात लावत नाही. का?

आपल्या प्रतिकारशक्तीला एक ब्रेकही असतो. लढाई संपल्यावर पांढऱ्या पेशींनी थांबावे, आपल्याच अवयवांवर हल्ला करू नये, यासाठी काही पेशी 'आता पुरे' असा निरोप देत असतात. ही कृमी अशी द्रव्ये सोडते की तो ब्रेक दाबलेलाच राहतो. शरीर प्रतिपिंडे तयार करते, पण त्यांत मोठा भाग अशा जातीच्या प्रतिपिंडांचा असतो की जी नुसती जागा अडवून बसतात, भांडत नाहीत. त्यामुळे रक्तात या कृमीची हजारो पिल्ले फिरत असूनही माणूस ठणठणीत दिसतो. ताप नाही, सूज नाही, तक्रार नाही.

ही पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री हातापायांच्या रक्तात येतात, कारण त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणूनच आरोग्य खात्याची माणसे रात्री दार वाजवून बोटाचे रक्त मागतात. लोक चिडतात, "ही काय वेळ झाली?" पण हीच वेळ आहे. दिवसा घेतलेल्या रक्तात चोर सापडत नाही.

वर्षानुवर्षांनी लसिकावाहिन्या निकामी होतात, पाय सुजू लागतो, त्वचेत वरचेवर जंतुसंसर्ग होतो आणि पाय हत्तीसारखा होतो. तोवर फार उशीर झालेला असतो. विदर्भातील अनेक जिल्ह्यांत, सोलापूर-नांदेडकडे, तळकोकणात सिंधुदुर्गात हा रोग परंपरेने आहे. ठाणे आणि पालघरची नावेही त्या यादीत आहेत. जिथे सामुदायिक औषधोपचार मोहीम होते, तिथे घरोघरी गोळ्या देतात, त्या याच कारणाने : जो निरोगी दिसतो, त्याच्याच रक्तातून डास रोग उचलतो. "मला काही झालेलं नाही, गोळी कशाला?" हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे. गोळी घेतल्यावर कोणाला थोडा ताप, डोकेदुखी होते. बहुधा ती आतली पिल्ले मरत असल्याची खूण असते. गोळीने रोग झाला, अशी आवई उठवू नये. मोहिमेच्या गोळ्या गर्भवतींना, लहान बालकांना आणि गंभीर आजारी माणसांना देत नाहीत, हेही लक्षात असावे.

लस का निघत नाही?

हा प्रश्न त्या रात्री मुलानेच विचारला. देवीची लस निघाली, पोलिओची निघाली, मलेरियाची का नाही?

देवीच्या किंवा पोलिओच्या विषाणूचा चेहरा फारसा बदलत नाही. मलेरियाच्या जंतूत पाच हजारांहून अधिक जनुके आहेत. डासात त्याचे रूप वेगळे, यकृतात वेगळे, तांबड्या पेशीत वेगळे. एका रूपाचा चेहरा पहारेकऱ्याला शिकवावा, तोवर तो दुसऱ्या रूपात गेलेला. तरीही चिकाटीने लस निघाली. पहिल्या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली केली, दुसरीची 2023 साली. या दुसऱ्या लशीचे संशोधन ऑक्सफर्डचे आणि उत्पादन पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचे. जंतू डासाच्या सोंडेतून निघून यकृतात शिरण्यापूर्वी, त्या थोड्या वेळातच त्याला पकडायचे, ही तिची कल्पना. पण ती फाल्सिपारमसाठी आणि मुख्यतः आफ्रिकेतील लहान मुलांसाठी आहे. व्हायवॅक्सच्या झोपलेल्या जंतूवर तिचा इलाज नाही. तोवर आपल्या हाती गोळ्या आहेत आणि डासांचा बंदोबस्त आहे.

गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या प्रदेशात लहानपणापासून वारंवार बाधा झालेल्या मोठ्या माणसांत थोडीफार प्रतिकारशक्ती येते. पण ती अपुरी असते. ताप येत नाही, जंतू मात्र रक्तात राहतो. गाव सोडून काही काळ गेला की तीही ओसरते. म्हणून बांधकामावर बाहेरगावाहून मजूर आले, तर ठेकेदाराने त्यांचे रक्त तपासून घ्यावे. त्यात मजुरांचा कमीपणा नाही, सर्वांचेच हित आहे.

बदाम, काढा आणि टॉनिक

मावशींच्या बदामांना माझा विरोध नाही. चौरस आहार, पुरेशी झोप यांनी शरीर लढायला समर्थ राहते. पण यकृतात झोपलेला जंतू बदामाने जागा होत नाही आणि काढ्याने मरत नाही. अडचण पहारेकऱ्याच्या ताकदीची नसून त्याला चोर दिसत नाही ही आहे. न दिसणाऱ्या चोरासाठी पहारेकऱ्याला खुराक वाढवून काय उपयोग? 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' महागडी सलाईन आणि इंजेक्शने यांवर पैसे घालवण्यापेक्षा तेवढ्यात घरातल्या सगळ्यांसाठी मच्छरदाण्या येतील.

एवढे लक्षात ठेवा

1. थंडी वाजून ताप आला की आधी रक्त तपासा, मग औषध. महापालिकेच्या आणि सरकारी आरोग्य केंद्रांत मलेरियाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

2. रिपोर्टमध्ये मलेरियाची जात कोणती लिहिली आहे ते डॉक्टरांना विचारा. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

3. व्हायवॅक्स असेल तर चौदा दिवसांचा डोस चौदा दिवसच घ्या. ताप गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरीही.

4. प्रायमाक्विन जेवणानंतर घ्या, मळमळ कमी होते. ते सुरू करण्यापूर्वी जी-सिक्स-पी-डी ही रक्ताची तपासणी करून घेणे चांगले, कारण काहींच्या शरीरात ते एन्झाइम कमी असते आणि त्यांना औषध बाधते. गर्भवती स्त्रिया आणि एक वर्षाखालील बालके यांना ते देत नाहीत.

5. गोळ्या चालू असताना लघवी काळसर-लाल झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे या.

6. तापात बरळणे, गुंगी, झटके, सतत उलट्या असतील तर रात्र असली तरी थांबू नका, रुग्णालय गाठा.

7. शहरातला मलेरियाचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. मुंबईतील मलेरियाची कारणे शोधून डॉ. बेंटली यांनी 1911 साली अहवाल दिला, त्यातही विहिरी आणि टाक्या यांवरच बोट ठेवले होते. आपल्याकडे आता गच्चीवरच्या टाक्या, पिंपे आणि बांधकामावर स्लॅब भिजवायला साठवलेले पाणी यांची भर पडली आहे. टाकीचे झाकण घट्ट हवे आणि आठवड्यातून एक दिवस साठवण कोरडी करायला हवी.

तीन पट्ट्या

त्या रात्री मुलाला क्लोरोक्विन सुरू केले. जी-सिक्स-पी-डीचा रिपोर्ट ठीक आल्यावर प्रायमाक्विन दिले. मावशींना सांगितले, "टॉनिक लिहीत नाही. त्याऐवजी एक काम करा. रोज रात्रीचे जेवण झाल्यावर गोळी तुमच्या हाताने द्या आणि कॅलेंडरवर फुली मारा."

ठेकेदाराला मी चिठ्ठी दिली, त्यात आजाराचे नाव लिहिले आणि खाली एक ओळ घातली : आपल्या कामावरच्या पाण्याच्या टाक्यांना झाकणे नाहीत. मुलाची नोकरी टिकली. झाकणे बसली की नाही, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

भाऊबीज झाल्यावर काही दिवसांनी मावशी एकट्याच आल्या. पिशवीतून गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "मोजून घ्या डॉक्टर. एकही शिल्लक नाही." पुढचा अख्खा पावसाळा गेला, मुलाला ताप आला नाही. नवा डास चावला तर उद्या येऊही शकतो. पण जुना पाहुणा घराबाहेर गेला आहे.

तेव्हापासून व्हायवॅक्सच्या प्रत्येक रोग्याला मी चिठ्ठी देताना दोन मिनिटे जास्त बसवतो आणि माळ्यावरच्या चोराची गोष्ट सांगतो. बाहेरच्या बाकावर खोळंबलेली मंडळी कधी कुरकुरतात. त्यांनी हा लेख वाचला असेल तर त्यांना कारण कळेल.